नववा अर्ज

"यातला एक तुझाच आहे ना, बोडिल?" एब्बेने विचारले.

"हो. माझा धरून चार."

एब्बेने चारही अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे पसरले आणि चष्मा कपाळावर चढवला. खिडकीबाहेर वजनकाट्यावर गव्हाच्या काडाचे चौकोनी गठ्ठे लादलेला ट्रॅक्टर उभा होता. बोडिलने न उठताच आकडा वाचला, वहीत लिहिला आणि काचेतून ट्रॅक्टरवाल्याला हात केला. ट्रॅक्टर बॉयलरच्या शेडकडे वळला.

"नऊ लागतात," एब्बे म्हणाला. "नवाच्या खाली कमिटी गरम पाण्याचा नळ टाकणार नाही. माळावर न्यायचा म्हणजे सव्वा किलोमीटर खोदाई. जूनअखेरपर्यंत मुदत दिलीय. पण मला विचारशील तर ते होत नाही. नवीन घर बांधणारा आजकाल घर तापवायला सरळ अंगणात विजेवरचा हीट पंप लावून मोकळा होतो."

"अजून अडीच महिने आहेत."

"मी या खुर्चीत बसून असं बोलू नये. पण तूसुद्धा पंपच घे. एवढंसं घर, एकटं माणूस. स्वस्त पडेल तुला."

"पंपाचा आवाज येतो."

"आताच्यांचा कुठं येतो?"

बोडिलने अर्ज गोळा करून फाइलीला लावले.

येल्मरूपच्या बॉयलरघरात ती तेहतीस वर्षे होती. काड जाळून पाणी तापवायचे, ते जमिनीखालच्या नळांतून गावातल्या साडेसहाशे घरांत फिरवायचे आणि गार झालेले परत आणून पुन्हा तापवायचे, एवढेच तिथले काम. संस्था सहकारी होती. ज्याच्या घरात नळ तो सभासद. शेडमध्ये तिघे कामगार, वर एब्बे व्यवस्थापक, आणि कचेरीत एकटी बोडिल. रेडिएटर गार पडला की लोक तिला फोन करत. ती पत्ता विचारत नसे. आवाजावरून तिला घर कळायचे, आणि घरावरून कुठला व्हॉल्व्ह तेही कळायचे.

स्वतः ती बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहायची, भाड्याने. आई दोन वर्षांपूर्वी एक्याण्णवाव्या वर्षी गेली. मग बेकरीवाल्याच्या मुलाने इमारत विकायला काढली. बोडिलने साठवलेले सगळे पैसे काढून गावाबाहेर, पवनचक्कीच्या माळावर पडलेल्या चौदा प्लॉटांपैकी सातवा घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी घर बांधायला काढले, म्हणून बेकरीतल्या बायकांना नवल वाटले.

तिला नळच का हवा होता, हे तिने कुणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर लोक हसले असते.

दर मार्चमध्ये खेळाच्या हॉलमध्ये संस्थेची वार्षिक सभा भरायची. खुर्च्या, कॉफी, बिअर, राय ब्रेडवर हेरिंग आणि अंडे, हे सगळे बोडिल बघायची. दारात उभी राहून प्रत्येक सभासदाला मतदानाचे पिवळे कार्ड द्यायची. कार्डे वर झाली की मोजायची आणि इतिवृत्त लिहायची. अशा तेहतीस सभा झाल्या. तिचे स्वतःचे कार्ड कधी नव्हते, कारण भाडेकरू सभासद होत नाही, सभासद बेकरीवाला. एका वर्षी नवा बॉयलर घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा यावर वाद पेटला आणि मते पडली एक्केचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. मागून कुणीतरी म्हणाले, "बोडिलला विचारा ना. आपल्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त कळतं." हॉल हसला. चेअरमनही हसत म्हणाले, "बोडिल सभासद नाही." खरेच होते ते. तिने खाली बघून लिहिले: समसमान मते, फेरमोजणी.

त्या दिवशी तिला विचारले असते तर तिने नव्या बॉयलरला मत दिले असते. तिच्याकडे कारणेही होती. ती कारणे तिने घरी येऊन आईला सांगितली. आई म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मटार दे इकडे."

*

मेच्या शेवटच्या शुक्रवारी घराचे वासे चढले. वासे चढले की घरमालकाने सुतारांना सॉसेज आणि बिअर द्यायची, आढ्याला पानाफुलांची चक्रे टांगायची, ही रीत. न देणाऱ्या चिक्कू मालकाच्या आढ्याला सुतार गवताचे बुजगावणे टांगतात. बोडिलने चक्रे स्वतः बांधली होती. शेजारच्या तेराही प्लॉटवाल्यांना तिने चिठ्ठ्या पाठवल्या: दोन वाजता या. चाळीस सॉसेजेस सांगितली. दोन लांब टेबले मांडून त्यांवर पांढरा कागद अंथरला आणि कागद उडू नये म्हणून कडेने विटा ठेवल्या. नळाचे कोरे अर्ज पिशवीत खाली दडवले. जेवणाआधी ते बाहेर काढायचे नाहीत, असे तिने ठरवले होते.

चार सुतार आले. एब्बे आला. प्लॉट नऊवरचे अस्गर आणि लीने हे तरुण जोडपे तान्ह्या मुलीला गाडीत घालून आले. प्लॉट बारावरचे सेनाद आणि मिर्सादा आले. तालुक्याच्या बसवर सेनाद वीस वर्षे ड्रायव्हर होता, त्यामुळे बोडिल त्याला तोंडओळखीने ओळखत होती. बाकी कुणी आले नाही.

"घरमालकीणबाई," मुख्य सुतार एगोन वाशावर उभा राहून म्हणाला, "घर सरळ उभं राहिलंय. आता तुम्ही त्यात सरळ राहा, म्हणजे झालं."

सगळे हसले, बाटल्या भिडल्या. मग एगोन खाली उतरला, टेबलाकडे बघत म्हणाला, "अजून कोण यायचंय?"

"येतील," बोडिल म्हणाली.

साडेतीनला सुतार निघून गेले, कारण शुक्रवार होता. अस्गर सॉसेजवर मोहरी घालत होता. तो शाळेत गणित शिकवायचा. बोडिलने पिशवीतून अर्ज काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. फोनवर ती कुणाशीही बोलू शकायची. समोर माणूस असला की तिचे शब्द तुटायचे.

"नळाचा," ती म्हणाली. "नऊ जण झाले तर येईल. बघा हवं तर."

"आम्ही पंप घ्यायचं म्हणतोय," अस्गर म्हणाला. "नळ म्हणजे एकदा बांधला की बांधला. उद्या संस्थेनं दर वाढवले तर मी कुणाकडे जाऊ?"

"सभा असते ना. हात वर करून नाही म्हणता येतं."

"सभेला जातं कोण? ऐंशी म्हातारे, आणि तेसुद्धा बिअरसाठी."

"ब्याऐंशी," बोडिल म्हणाली.

लीने हसली. तिने अर्ज ओढून घेतला. "राहू दे आपल्याकडे. पंप म्हणजे छोटीच्या खोलीच्या खिडकीखाली यंत्र येणार. मला ते नकोच आहे." तिने अर्ज घडी घालून मुलीच्या गाडीत, दुपट्याखाली सरकवला.

मिर्सादाने घरून चीज भरलेली पोळी भाजून आणली होती. सॉसेजच्या थाळ्या दोन होत्या, एक डुकराच्या मांसाची, आणि दुसऱ्या थाळीत कागदाची चिठ्ठी टोचलेली होती: कोंबडीचे. मिर्सादाने चिठ्ठी वाचली आणि बोडिलकडे बघितले. "आमच्यासाठी?"

"तुम्ही याल असं वाटलं म्हणून."

मिर्सादाने दोन घेतली, एक नवऱ्याला दिले. बोडिलने सेनादसमोरही अर्ज ठेवला. त्याने तो हातात घेऊन पूर्ण वाचला, मग हलकेच परत केला.

"बाई, तुमचा फॉर्म परत करताना मला वाईट वाटतंय. तुम्ही आमची एवढी आठवण ठेवलीत. पण नाही जमणार."

"दराचं म्हणत असाल तर—"

"दराचं नाही हो." त्याने बाटली टेबलावर ठेवली. "सारायेवोत आमच्या बिल्डिंगला असाच नळ होता. आठ मजल्यांना एक. जानेवारीत खिडकी उघडी टाकून बसायचो, इतकं गरम. मग लढाई आली. आणि एका सकाळी सगळ्या बिल्डिंगचे रेडिएटर गार. एकट्याचा गेला तर माणूस शेजाऱ्याकडे जाऊन बसतो. पण शेजारीही तसाच, त्याचा शेजारीही तसाच. आधी कपाट जाळलं आम्ही. मग जमिनीच्या फळ्या. मग बूट. बूट पेटतात चांगले, पण आठवडाभर घरातला वास जात नाही."

"ह्यांना अजून घरात दोन स्वेटर लागतात," मिर्सादा म्हणाली.

इथे तसले काही होणार नाही, असे बोडिलच्या तोंडावर आले होते. पण हे वाक्य सेनादने पूर्वीही कुणाकडून तरी ऐकले असणार. 

"मला कळतं," सेनाद म्हणाला. "हे एब्बे बसलेत, चांगला माणूस. तुम्हीही चांगल्या. पण माझी चूल मला माझ्याच अंगणात हवी. तिचं बटण माझ्या हातात."

बोडिलने अर्ज परत पिशवीत ठेवला. "कॉफी घेणार ना?" ती म्हणाली.

एकवीस सॉसेजेस उरली. ती तिने बॉयलरघरातल्या फ्रीजरमध्ये ठेवली आणि पुढचा आठवडाभर एब्बे आणि कामगार दुपारी तीच खात होते. "तुझ्या घराची चव चांगली आहे," एब्बे म्हणायचा.

*

जूनमध्ये ती रोज संध्याकाळी दोन-तीन फोन करत होती. समोर माणूस नसला की तिला बोलता यायचे. प्लॉट तीनवरच्या निवृत्त जोडप्याला तिने नळाला देखभाल लागत नाही हे सांगितले. प्लॉट पाचवरच्या शिक्षिकेला तिने खूप वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीतल्या दोन दिवसांची गोष्ट सांगितली, जेव्हा चर्चच्या रस्त्याखाली मुख्य नळ फुटला होता आणि तिने कचेरीतच बसून तीनशे घरांना एकेक करून फोन केला होता: नळ दुरुस्त होतोय, पोरांना हॉलमध्ये आणा, तिथे सोय केलीय. शिक्षिका म्हणाली, "म्हणजे बंद पडला तर निदान कुणीतरी फोन करतं." तिने सही केली.

वीस तारखेला आठ अर्ज झाले. सव्वीस तारखेला सकाळी कचेरीच्या दारातल्या पेटीत घडीच्या खुणा असलेला एक कागद पडला होता. अस्गर आणि लीने, दोघांच्या सह्या.

दुपारी जेवायला गेली तर टेबलावर तिच्या ताटापुढे लाकडी काठीवरचा छोटा झेंडा उभा होता, वाढदिवसाला ठेवतात तसा. एब्बेने गावाचा नकाशा भिंतीवर लावून त्यावर पेन्सिलीने रेघ ओढली होती. रेघ चर्चच्या रस्त्यावरून निघून माळावर चढत होती आणि तिला चौदा फाटे होते. ज्यांना नको त्यांच्या दारातही नळाचे तोंड ठेवायचे, पुढेमागे लागलेच तर, असे एब्बेचे म्हणणे. बोडिलने पेन्सिलीला टोक काढले आणि प्रत्येक फाट्यापुढे बारीक अक्षरात प्लॉटचा आकडा लिहिला.

संध्याकाळी सायकलने ती माळावर गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीला खाली नळ येण्यासाठी एगोनने भोक ठेवले होते. ती थोडा वेळ तिथे उकिडवी बसली. भोकातून बाहेरचे गवत दिसत होते.

*

तीस तारीख शुक्रवार होती. दुपारी बाराला मुदत संपत होती. सव्वादहाला फोन वाजला.

"बोडिल? मी अस्गर. प्लॉट नऊ."

"बोल, अस्गर."

"जरा अवघड बोलणं आहे. लीनेचा भाऊ पंपाच्या धंद्यात आहे, तो आम्हाला पडत्या भावात बसवून देतोय. काल रात्री बसून हिशेब केला. खिडकीपासून लांब, मागच्या बाजूला घेतो म्हणतोय तो. तर आमचं नाव काढायचं होतं. सॉरी हं. तुम्ही एवढं केलंत."

"हं," बोडिल म्हणाली.

"फोनवर सांगितलं म्हणजे झालं ना?"

तिच्यासमोर नियमांचा कागद होता. तो तिनेच टाइप केलेला होता. चौथे कलम: दिलेला अर्ज मागे घ्यायचा असल्यास मुदतीच्या आत लेखी कळवावे, अन्यथा तो बंधनकारक राहील. एब्बे चिमणीच्या शिडीवर होता. शेडमधून पंख्याची घरघर येत होती. "ठीक आहे, कळलं," एवढे म्हटले असते तरी चालले असते. ते खोटेही ठरले नसते. बारा वाजले असते, अर्ज फाइलीत राहिला असता. अस्गरने दोन दिवस आरडाओरडा केला असता, मग नळ आला असता, मुलीची खोली गरम झाली असती, आणि एक-दोन हिवाळ्यांत तो सगळे विसरला असता. लोक विसरतात, हे तिला कचेरीत बसून पुरते कळले होते.

"ऐकताय ना?" अस्गरने विचारले.

"ऐकतेय."

"मग झालं ना?"

"नाही," बोडिल म्हणाली. "फोनवर चालत नाही. लेखी लागतं. आज बाराच्या आत. ईमेल केलंस तरी चालेल. पत्ता घे लिहून."

तिने पत्ता एकेक अक्षर फोडून सांगितला. त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

अकरा वाजले. ईमेल नव्हते. काडाचा एक ट्रॅक्टर आला, तिने वजन लिहिले. साडेअकरा. ईमेल नव्हते. तिने कॉफी ओतली आणि प्यायली नाही. आपण सांगायचे ते सांगितले आहे, आता त्याचे तो बघेल, असे तिने स्वतःशी म्हणून पाहिले. अकरा चाळीसला तिने फोन उचलला आणि अस्गरचा नंबर फिरवला.

"अस्गर, तुझं ईमेल आलं नाही अजून."

"पाठवलं की मी. थांबा हं... अरे, हे तर इथंच राहिलंय. पाठवायचं बटणच दाबलं नाही मी. आता गेलं बघा."

"आलं," बोडिल म्हणाली.

बारा वाजून पाच मिनिटांनी एब्बे काजळीचे हात पुसत आत आला. "झालं? नऊ?"

"आठ."

तिने ईमेलची प्रत त्याच्यापुढे केली. त्याने ती वाचली, वरची वेळ बघितली, पुन्हा वाचली.

"बाराची मुदत त्याला कुणी सांगितली?"

"नियमात लिहिलंय."

"नियम कोण वाचतो, बोडिल?"

ती फाइल लावत होती. एब्बे दारापर्यंत जाऊन वळला आणि म्हणाला, "मी कमिटीत बोलतो. आठ म्हणजे काही दोन नाहीत."

तो बोलला. पुढच्या मंगळवारी कमिटी बसली तेव्हा कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बोडिल होतीच. चेअरमन वाईट माणूस नव्हते. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "एक कमी म्हणून आज सोडलं, तर उद्या दोन कमी म्हणून सोडावं लागेल. आणि त्यातून, कसं बोलू, लोक म्हणतील कचेरीतल्या बाईसाठी सव्वा किलोमीटर खोदलं. ते बोडिललाच आवडणार नाही." सगळ्यांनी तिच्याकडे बघितले. "नाही आवडणार," ती म्हणाली आणि लिहिले: प्रस्ताव एकमताने फेटाळला.

आठ अर्जदारांना आठ पत्रे गेली. मजकूर तिनेच तयार केला. आपण दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल संस्था आभारी आहे. पुरेशा संख्येअभावी जोडणी देणे शक्य नाही. पर्याय म्हणून हीट पंपाचा विचार करावा. काही शंका असल्यास कचेरीत बोडिल क्विस्ट यांना फोन करावा.

एब्बे सह्या करत करत आठव्या पत्राशी थांबला. पत्त्याच्या जागी नाव होते बोडिल क्विस्ट, प्लॉट सात.

"तुझं कशाला छापलंस?"

"फाइलला लागतं."

त्याने सही केली. पत्राची घडी त्यानेच घातली आणि पाकिटात घालून तिच्या हातात दिली.

*

ऑक्टोबरमध्ये पंप बसला. भिंतीतले ते भोक एगोनने बुजवले आणि नवे, वरच्या बाजूला, पाडले. पंप बसवणारा बोलका होता. बाहेरचे यंत्र चौथऱ्यावर चढवून झाल्यावर तो आतल्या पेटीच्या पडद्यापुढे उभा राहिला आणि बोटाने आकडे भरू लागला.

"घरात माणसं किती?"

"एक."

"राहायला येऊन-जाऊन? मुलंबाळं, सुट्टीला नातवंडं?"

बोडिलने विचार केला. प्रश्नाचे उत्तर खरेच शोधावे तसा केला. आईकडचे एक मावसभाऊ होते, ऑलबॉर्गला, ते चार वर्षांपूर्वी वारले.

"एकच," ती म्हणाली.

"मग पाणी कमीच तापवायला सांगतो. उगाच रोज टाकी भरून तापवत बसेल." त्याने एक आकडा दाबला. "आता वर्षभर ढुंकून बघू नका. कुणाला यावं लागत नाही, कुणाला बोलवावं लागत नाही. हाच तर फायदा आहे याचा."

घर चांगले झाले होते. जमीन सगळीकडे सारखी कोमट असायची. बेकरीच्या वर पहाटे पाचला नळात पाण्याचा जोर वाढला की रेडिएटर दोनदा खडखडायचा, आणि पलीकडच्या पलंगावरून आई म्हणायची, "एब्बे उठला." इथे काही खडखडत नव्हते. पहिले काही आठवडे बोडिलला पाचलाच जाग यायची आणि ती पडून राहायची. पंपाचा आवाज येत नव्हता. एब्बेचे बरोबर होते.

ती रोज सायकलने कचेरीत जात होती. थंडी वाढली तसे फोन वाढले. "तुमच्या तळघरात डावीकडे लाल चाक आहे, ते अर्धं फिरवा," ती सांगायची. "मी धरते तोवर." पलीकडचे माणूस तळघरात उतरायचे, आणि ती फोन कानाशी धरून त्या घराचा जिना, कुत्रे, रेडिओ ऐकत बसायची. मग ते वर येऊन म्हणायचे, "झालं, गरम यायला लागलं." ती म्हणायची, "छान."

*

फेब्रुवारीत शाळांना हिवाळी सुट्टी लागली. माळावरची तीन घरे रिकामी झाली. अस्गर आणि लीने गाडीच्या टपावर स्की बांधून नॉर्वेला गेले. शुक्रवारी दुपारपासून पूर्वेचा वारा सुटला आणि दोन दिवस बर्फ आडवे येत राहिले.

रविवारी सकाळी उजाडले तेव्हा वारा पडला होता. बोडिल चहा घेऊन खिडकीशी आली तर पेटीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला होता. तिने बूट घातले, बाहेर जाऊन बघितले. बर्फ साचून यंत्राची पाती अर्ध्यापर्यंत गाडली गेली होती. तिने फावड्याने पुढचे काढले, मग हातमोज्याने जाळीतले हलके हलके झाडले. थोड्या वेळाने पाते हलले. आत येऊन बघितले, दिवा गेला होता.

चहा गार झाला होता. ती उभ्यानेच तो प्यायली. मग पुन्हा बूट घातले.

रस्त्यावर कुणाच्या पावलांच्या खुणा नव्हत्या. सेनाद त्याच्या अंगणात बर्फ उपसत होता. यंत्रावर त्याने फळ्यांचे छप्पर घातले होते, त्यामुळे ते कोरडे होते.

"माझं झालंय," तो म्हणाला. "या आत. मिर्सादा कॉफी टाकतेय."

"नंतर येते. नऊ, अकरा आणि तीन सुट्टीवर गेलेत. त्यांचे पंप बंद पडले असणार."

"त्यांनी बघायला सांगितलंय तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"घरं गार पडतील," बोडिल म्हणाली. "गोठले नळ तर फुटतात."

सेनादने तिच्या हातातले फावडे बघितले. कोळसा ओढायचे जुने अरुंद फावडे होते ते. त्याने आपले रुंद ॲल्युमिनियमचे फावडे तिच्याकडे दिले आणि तिचे घेतले. "याने लवकर होईल," तो म्हणाला. मग पाठीला हात लावून सावकाश घरात गेला.

प्लॉट नऊच्या मागच्या बाजूला बर्फ कमरेइतके होते. खरोखरच खिडकीपासून लांब, भिंतीच्या टोकाला यंत्र बसवले होते, आणि तिथेच वाऱ्याने सगळे आणून टाकले होते. ते दिसतही नव्हते. भिंतीवरून उतरणारी काळी वायर बघून तिने जागा ओळखली. तिने आधी वाट केली, मग वरचे काढले, मग दोन्ही बाजूंचे. पाठीला घाम आला. जाळीत बर्फ घट्ट बसले होते. ते फावड्याने काढले तर पाती वाकली असती. तिने हातमोजे काढले आणि बोटांनी एकेक फट मोकळी केली.

येताना वाटेतल्या खिडकीतून मुलीची खोली दिसली होती. पाळणा, त्यावर टांगलेले कापडी मासे, कोपऱ्यात घडी घातलेली दुपटी.

बोडिल यंत्रासमोर थांबून राहिली. बराच वेळ काही झाले नाही. मग आत कुठेतरी टक् झाले, पाते एकदा अडखळले, आणि फिरू लागले. घराला ऊब देताना ते यंत्र बाहेरच्या हवेतली उरलीसुरली ऊबही ओढून घेते आणि गार वारा समोर फेकते. तो तिच्या छातीवर, तोंडावर येत होता. डोळ्यांत पाणी आले तसे तिने मान थोडी वळवली. पण ती बाजूला झाली नाही. पाते एका लयीत फिरू लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिने हातमोजे चढवले, फावडे उचलले आणि प्लॉट अकराकडे निघाली.